कंत्राट रद्द करण्याआधीचा पत्रव्यवहार

माल पुरवण्याची मुदत चुकली की थेट कंत्राट रद्द करून पुरवठादाराला काळ्या यादीत टाकावे, असे मत मांडले जाते; त्यामागचा संताप मी समजू शकतो. पण घाईने केलेली अशी कारवाई पुढे न्यायालयात टिकवणे अवघड जाते आणि नुकसान शेवटी खरेदी करणाऱ्या कार्यालयाचेच होते.

माझ्या मते खरी गोम त्याआधीच्या पत्रव्यवहारात असते. मुदत उलटून गेल्यावरही कार्यालय ‘माल लवकर पाठवावा’ अशी स्मरणपत्रे धाडत राहिले आणि उशिरा आलेला माल त्याने मुकाट्याने स्वीकारला, तर मूळ तारखेचा आग्रह तुम्हीच सोडला होता, असा युक्तिवाद पुरवठादाराला करता येतो. म्हणून मुदतवाढ द्यायचीच असेल तर ती लेखी द्यावी, तीत नवी तारीख घालावी आणि विलंबाची भरपाई वसूल करण्याचा हक्क राखून ठेवल्याचे स्पष्ट नमूद करावे. कंत्राट रद्द करण्याआधीच्या नोटिशीतही ‘सेवा असमाधानकारक’ एवढ्यावर भागत नाही. कोणत्या कलमाचा भंग झाला, कोणत्या खेपेत तपासणीअंती काय कमी आढळले आणि दुरुस्तीसाठी किती दिवस दिले, हे सारे त्यात हवे. तपासणी पुरवठादाराच्या प्रतिनिधीसमोर झालेली असेल तर उत्तमच.

बँक हमीकडे, म्हणजे पुरवठादाराने कंत्राट न पाळल्यास ठरलेली रक्कम देण्याच्या बँकेच्या लेखी हमीकडे, होणारे दुर्लक्ष मला सर्वांत घातक वाटते. कंत्राटाला मुदतवाढ मिळते, हमी मात्र जुन्याच तारखेला संपते आणि वसुलीची वेळ येते तेव्हा हाती काहीच उरलेले नसते. काळ्या यादीचा निर्णय ही स्वतंत्र कारवाई असून, पुरवठादाराला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय तो घेऊ नये.