गाडीत माणसं बसलेली असताना गाडीवर वीज पडली तर काय होतं?

तापीकाठ_चोपडा

नमस्कार मंडळी. एक शंका आहे, कोणाला नक्की माहिती असेल तर प्लीज सांगा. परवा लग्नाहून परत येत होतो, फैजपूर सोडलं आणि यावलच्या अलीकडे आभाळ एकदम काळंकुट्ट झालं, आधी धुळीचं वादळ मग टपोरे थेंब आणि पाठोपाठ विजा, सातपुड्याकडून कडाडत येत होत्या. गाडीत आम्ही दोघं आणि मागे सासूबाई, आबा, आमची छोटी. सासूबाईंचं म्हणणं लोखंड वीज ओढतं, गाडीतून उतरा आणि निंबाखाली थांबू. आबा म्हणे चारही टायर रबराचे आहेत, विजेचा बाप आला तरी काही होणार नाही, चालू द्या. आणि मिस्टरांना गारांची भीती, काच फुटेल म्हणून ते गाडीच झाडाखाली घ्यायला निघालेले. शेवटी पुढे पेट्रोल पंप दिसला तिथे थांबलो, सगळे सुखरूप घरी आलो, पण घरात अजून वाद चालू आहे.

तर बरोबर कोणाचं? वीज थेट छपरावर पडली तर आतल्या माणसाला शॉक बसतो का? मोबाईल चार्जिंगला होता त्याने काही फरक पडतो का? आपल्याकडे मे-जूनला शेतात वीज पडून माणसं जातात, बैलं जातात, त्यामुळे ही गोष्ट मला नीट समजून घ्यायची आहे.

शाळामास्तर_अमळनेर

ताई, फार चांगलं विचारलंत. आधी थेट उत्तर देतो. पत्र्याचं छप्पर असलेल्या, काचा वर केलेल्या बंद गाडीत बसलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो. त्या वेळी निंबाखाली उभं राहणं हा सगळ्यात वाईट पर्याय होता, तुम्ही उतरला नाहीत हे देवाचीच कृपा म्हणा.

पण आबांचं कारण चुकीचं आहे आणि हे घरात सगळ्यांना सांगा, कारण ह्याच समजुतीवर लोक विजा चमकत असताना मोटरसायकल दामटतात. टायरच्या रबराने काही वाचत नाही. जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडून येते तिला टायरची वीतभर उंची काय अडवणार? वाचवतो तो गाडीचा पत्रा. छपरावर पडलेली वीज पत्र्याच्या बाहेरच्या अंगाने खांबांवरून, दारांवरून खाली चाकांपर्यंत जाते आणि रिमपासून ओल्या टायरवरून उडी मारून जमिनीत शिरते. आत येत नाही. मायकेल फॅरडे ह्या शास्त्रज्ञाने १८३६ साली लंडनमध्ये एक मोठी खोलीएवढी पेटी करून तिला बाहेरून धातूने मढवलं, बाहेरून प्रचंड दाबाची वीज सोडली आणि आत उपकरण ठेवून बघितलं तर आत काही नाही. म्हणून त्याला फॅरडेचा पिंजरा म्हणतात. आपल्याकडची धान्याची पत्र्याची कोठी आठवा, तुमची गाडी म्हणजे खिडक्या असलेली तशी कोठीच समजा. काचा असल्या तरी वीज खांबांचा धातू धरून जाते. विमानांवर तर विजा पडतच असतात आणि आतले प्रवासी सुखरूप उतरतात ते ह्याच तत्त्वावर.

आता सासूबाईंचं. लोखंड वीज ओढतं असं नाही, वीज साधारण आसपासच्या उंच गोष्टीवर पडते, म्हणजे झाड, खांब, टॉवर, आणि मोकळ्या रानात उभा असलेला माणूस. झाडावर पडली की खोडातून उतरताना बाजूच्या माणसावर उडी घेते, कारण माणसाच्या अंगातून तिला झाडापेक्षा सोपी वाट मिळते. शिवाय मुळांजवळच्या जमिनीत पसरते. बैल आणि म्हशी एकाच वेळी तीन-चार मरतात ते ह्या जमिनीतल्या करंटने, त्यांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात ना, त्यामुळे दोन पायांमधला दाब जास्त पडतो आणि करंट पोटा-छातीतून जातो.

गाडीत असताना एवढंच करा की जमेल तिथे कडेला घेऊन, झाड आणि लाईटचे खांब सोडून, थांबा, इंजिन बंद, इंडिकेटर चालू, काचा वर, हात मांडीवर. दाराचं हँडल, गिअर, स्टिअरिंग, टेप ह्यांना हात लावू नका. मोबाईलमुळे वीज येत नाही, पण चार्जरची वायर लावलेला फोन कानाला धरून बसू नका कारण गाडीच्या वायरिंगमध्ये जो झटका येईल तो त्या वायरने हातापर्यंत पोचू शकतो. पोरगी मागे दाराला टेकून बसली असेल तर जरा आत सरकवा. आणि गारांची काच आणि निंबाची फांदी ह्यात निवड करायची वेळ आली तर काच फुटू द्या.

एरंडोल_भाऊ

मास्तर, एकदम बरोबर शे. ताई, गारा पडून बोनेटला खड्डे पडले तर डेंटर काढून देतो.

ऑटोवायरिंग_धुळे

मास्तरांनी माणसांचं सांगितलं, मी गाडीचं सांगतो, वायरिंगची कामं करतो म्हणून. माणूस वाचतो पण गाडी तशीच राहील ह्याची गॅरंटी नाही. अँटेना जळते किंवा तुटते, छपरावर छोटा काळा डाग पडतो, फ्यूज जातात, ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर आणि सेन्सर उडू शकतात, मागच्या काचेत धुकं घालवायच्या ज्या बारीक रेषा असतात त्या जळून काच तडकू शकते, टायर फुटू शकतो. आणि आवाज! विजेच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, त्या फुगण्याचाच तो कडाका असतो. तो अंगावर झाला की कानात शिट्टी वाजत राहते आणि डोळ्यापुढे काही दिसत नाही, म्हणूनच चालवत राहू नका, थांबलेलं बरं. शिरपूरकडून येणारे ट्रक त्या हायवेवर काय स्पीडने येतात माहितीच आहे, डोळे दिपले तर वीज राहिली बाजूला, ॲक्सिडेंटच व्हायचा.

वीज पडल्यावर लगेच स्टार्टर मारू नका, टो करून न्या, आधी वायरिंग तपासून घ्या. इन्शुरन्सचं पण बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर तुमच्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. फुल्ल पॉलिसीत म्हणजे ओन डॅमेज असेल तर आग, स्फोट, वीज हे सगळं त्यात धरलेलं असतं. फोटो काढून ठेवा आणि दुरुस्तीला हात लावायच्या आधी कंपनीला कळवा, नंतर सर्व्हेअर यायच्या आधी काम केलं म्हणून क्लेम अडकतो.

जुना_लाईनमन_सावदा

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्या केळीच्या पट्ट्यात विजेपेक्षा वादळानेच जास्त घोळ होतो, बागा आडव्या होतात, त्याच्याबरोबर पोल वाकतात आणि तारा रस्त्यावर येतात. आभाळातली वीज पडून गेली की सेकंदाच्या आत संपली, नंतर गाडीला हात लावला तरी करंट नसतो. पण लाईनची तार गाडीवर पडली तर ती चालू असू शकते, आणि फ्यूज उडाला म्हणून बंद झालेली लाईन परत चालू पण होते. अशा वेळी गाडीतून उतरू नका, खिडकीतून लोकांना लांब राहायला ओरडून सांगा, वीज कंपनीच्या ऑफिसला फोन करा आणि लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत आतच थांबा. एक पाय जमिनीवर आणि एक हात दारावर हीच मरायची रीत आहे. गाडीने पेटच घेतला तर दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारायची, गाडीला आणि जमिनीला एकदम शिवायचं नाही, आणि पाय जोडूनच छोट्या उड्या मारत लांब जायचं. लांब ढांग टाकायची नाही, मास्तरांनी बैलाचं सांगितलं तेच कारण.

तापीकाठ_चोपडा

सगळ्यांचे खूप आभार, आबांना वाचून दाखवलं, टायरचं त्यांना पटायला वेळ लागला पण पटलं. आता खरी काळजी दुसरीच आहे. आमच्याकडे कपाशी लावायला आणि निंदायला बायका पिकअपमध्ये मागे उभ्या राहून येतात, वर ताडपत्री. कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. तेही बंद गाडीसारखं धरायचं का?

शाळामास्तर_अमळनेर

नाही ताई, अजिबात नाही. ताडपत्री म्हणजे काहीच नाही. डोकं पत्र्याच्या वर असेल तर पिंजरा उरतच नाही, उलट मोकळ्या रानात ती बाईच सगळ्यात उंच ठरते. ट्रॅक्टर, ट्रॉली, पिकअपचा मागचा भाग, मोटरसायकल, रिक्षा, फायबरचं छत, ह्यातलं काहीही वाचवत नाही. पिकअपच्या केबिनमध्ये मावतील तेवढ्यांना बसवता येईल, बाकीच्यांना पक्क्या घरात, शाळेत, बसमध्ये न्यायचं. शेतातलं चार खांबांवरचं पत्र्याचं शेड चालत नाही. पंपाच्या खोलीत थांबले तर स्टार्टर आणि पाईपला कोणी हात लावायचा नाही, लाईनवर पडलेली वीज तिथपर्यंत वायरने येते. ट्रॉलीखाली शिरायचं नाही. काहीच नसेल तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून लांब, पाय जोडून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही आणि एकमेकींपासून अंतर ठेवायचं म्हणजे एकीवर पडली तर दुसरी मदत करायला उरते.

मुळात निघायच्या आधी बघायला हवं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, फुकट आहे, आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये विजा असतील तर कळतं, मुकादमाच्या फोनमध्ये टाकून द्या. ॲप नसेल तर चमक दिसल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, ३ ला भागलं की किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर काम सोडायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत शेतात जायचं नाही. मजुरी बुडते म्हणून बायका थांबायला तयार नसतात हे मला माहिती आहे, तो अर्धा तास मालकाने भरून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. २०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे.

आणि कोणावर पडलीच तर त्या माणसाला हात लावायला घाबरू नका, अंगात करंट राहत नाही. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, कोणीतरी १०८ ला फोन लावा. शेणात, मातीत पुरणं वगैरे करून वेळ घालवू नका.

तापीकाठ_चोपडा

मुकादमांना आत्ताच फोन केला सर. ॲप टाकतो म्हणाले. अर्ध्या तासाच्या मजुरीचं आमच्या घरी बोलून उद्या सांगते, आमच्या शेतापुरतं तरी ते होईलच.