नॉकआउटपेक्षा शिडी बरी

कॉलेजच्या मुलांची टेनिस स्पर्धा कशी घ्यावी, या प्रश्नावर कुणीतरी नॉकआउट, म्हणजे हरला की बाहेर, सुचवलंय, म्हणून लिहितेय. ३२ जण असले तर पहिल्याच फेरीत १६ जणांचा खेळ संपतो. साखळी, म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, घ्याल तर ४९६ सामने! दोन कोर्टांवर ते व्हायचे कधी? हौशी खेळाडूंना लॅडरच द्या, म्हणजे सगळ्यांच्या क्रमवारीची शिडी, जिच्यावर आव्हान देऊन, जिंकून वर चढायचं. अगदी तळाच्या नवख्यालाही तिथे आपल्या तोलामोलाचं कुणीतरी सापडतं.

आपल्या वरच्या तीन क्रमांकांपर्यंत कुणालाही आव्हान द्यायचं. जिंकलात तर त्याची जागा तुमची, तो आणि मधले एकेक पायरी खाली. काही ठिकाणी सरळ अदलाबदल करतात, पण मग हरणारा एकदम तीन पायऱ्यांपर्यंत घसरतो आणि वरचे लोक खेळायचंच टाळू लागतात. लॅडर बंद पडते ती अशीच: आव्हान दिलं, उत्तर नाही, महिना गेला. त्यामुळे सात दिवसांत सामना झाला नाही आणि टाळाटाळ वरच्याची असेल, तर आव्हान देणाऱ्याला वॉकओव्हर, म्हणजे न खेळताच विजय. हा नियम पहिल्या दिवसापासून कडक पाळा, मित्र असला तरी.

कोर्ट तासभरच मिळत असेल तर तीन सेटचा हट्ट नको. आठ गेमचा एकच लांब सेट, म्हणजे प्रो-सेट ठेवा आणि ड्यूसला (४०-४० अशी बरोबरी झाली की) एकच निर्णायक पॉइंट.

आपल्याकडे पावसात उघडी कोर्ट निरुपयोगी, तेव्हा दिवाळीनंतर सुरू करा. सबमिशन आणि परीक्षांच्या काळात मात्र सात दिवसांची मुदत थांबवा. आणि मुलामुलींची लॅडर एकच असू द्या, प्लीज.