मदत हवी आहे: वडिलांना केळकर संग्रहालय निवांत दाखवायचंय

नमस्कार मंडळी. बाबांनी ४० वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात चादरींच्या जॅकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, नक्षीची भोकांची कार्डं पंच केली. मोर, वेली, सगळं आलेखाच्या चौकटींत बसवायचं. आता त्यांना पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायचंय. अडकित्ते, दिवे, दरवाजे अशा रोजच्या वस्तू कारागीर किती जीव ओतून घडवायचे, ते त्यांना जवळून बघायचंय. गाइड नको, आवडलेल्या नक्षीपुढे ते अर्धा तास उभे राहतात.

सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परत यायचंय. गुडघे दुखतात, म्हणून विचारते: कोणत्या दालनापासून सुरुवात करावी? वस्त्रांचं दालन कितव्या मजल्यावर? मधे बसायला बाकं आहेत का? आणि मुख्य म्हणजे, वही-पेन्सिल आत नेऊ देतात का? नक्षी उतरवून घेतल्याशिवाय त्यांचं समाधान होणार नाही.