रविवारची सागोती, 60 माणसं आणि 6 किलो कांदा

सी-201 (सचिव): नमस्कार मंडळी. सोसायटीच्या रविवारच्या सागोतीसाठी, म्हणजे कोंबडी-वड्यांसाठी, 60 जण पक्के. कोंबडी 12 किलो, कांदा 6 किलो. चिरायला चौघं तयार आहेत, पण डोळ्यांची सगळ्यांनाच धास्ती. उपाय असेल तर नीट सांगा.

डी-304 वहिनी: फ्रीजमध्ये ठेवा अर्धा तास.

बी-103: तोंडात पावाचा तुकडा धरायचा म्हणतात.

ए-102 काकू: पावाने काही होत नाही. सचिव, आधी 6 किलोची वाटणी करा. 3 किलो वाटपाला (खोबऱ्यासोबत वाटायच्या मसाल्याला), दीड किलो फोडणीला बारीक, दीड किलो ताटात चकत्या. तिन्हीकडे कांदा वेगळा वागतो, म्हणून उपायही वेगळा. आणि वाटपाचा 3 किलो कच्चा चिरायचाच नाही.

सी-105 काका: काकूंचा बरोबर आसा. कांदो अख्खो भाजा, मगे चिरा. डोळ्यात पाणी येवचा नाय.

डी-304 वहिनी: भाजल्यावर का येत नाही?

बी-204 दादा: वहिनी, कांदा नुसता ठेवलेला असताना झोंबत नाही, कापल्यावर झोंबतो. पेशीत गंधकाचं एक संयुग एका कप्प्यात असतं आणि त्याला तोडणारं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) दुसऱ्या कप्प्यात. सुरीने पेशी फुटली की दोघं एकत्र येतात. मग आणखी एक एन्झाइम त्यातून वायू तयार करतं. तो वायू डोळ्यातल्या ओलाव्यात विरघळतो, बुबुळावरच्या नसा चिडतात आणि तो धुऊन काढायला पाणी सुटतं. हे दुसरं एन्झाइम जपानी शास्त्रज्ञांनी 2002 साली शोधलं, तोवर एकाच एन्झाइमचं काम समजत होते. लसणीत पहिलं आहे, दुसरं नाही, म्हणून लसूण कितीही ठेचा, रडवत नाही. कांदा गाभ्यापर्यंत तापला की दोन्ही एन्झाइमं निकामी होतात. मग कापा, नाहीतर वाटा.

ए-102 काकू: "गाभ्यापर्यंत" हे महत्त्वाचं. वरून काळा झाला म्हणून उतरवला तर मधला कोंब कच्चा राहतो आणि सुरी लागताच झोंबतो. मध्यम कांदा, साधारण 100 ग्रॅमचा. सालीसकट ठेवायचा, टोकदार काट्याने दोन-तीन ठिकाणी टोचायचा, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतो. 12 ते 15 मिनिटं, फिरवत राहायचं. चिमट्यात धरून दाबला की सगळीकडून सारखा दबला पाहिजे आणि बुडातून रस सुटून चर्र वाजला पाहिजे. मधे कडक गोळी लागली तर अजून तीन मिनिटं.

सी-201 (सचिव): 3 किलो म्हणजे 30 कांदे. गॅसवर?

ए-102 काकू: गॅसच्या जाळीवर चार मावतात, आठ खेपा होतील. मागच्या अंगणात चूल मांडा, निखाऱ्यांवर एका वेळी 15 बसतात, दोन खेपांत काम. राखेत पुरू नका, सालीला भेगा पडल्या की राख आत जाते आणि वाटप कचकचतं.

डी-201 मावशी: पण काकू, तेलात परतलेल्या उभ्या कांद्याचा रंग भाजलेल्याला येत नाही. सागोतीचं वाटप तांबूस तपकिरीच हवं.

ए-102 काकू: तेही खरं मावशी. म्हणून भाजलेला कांदा सोलून, उभा चिरून, थोड्या तेलात खोबऱ्यासोबत परतायचाच. भाजल्याने पाणी आधीच गेलेलं असतं, म्हणून परतायला वेळ निम्मा. फक्त नजर हवी, तो लवकर करपतो.

डी-201 मावशी: मला अजूनही कच्चा परतलेलाच बरा वाटतो. पण 60 माणसांना हे सोपं, मान्य.

बी-103: कच्चाच मिक्सरला लावला तर? चिरायलाच नको.

बी-204 दादा: ते सगळ्यात वाईट. पात्याने प्रत्येक पेशी फुटते, वायू भांड्यात कोंडतो आणि झाकण उघडताच तोंडावर येतो. शिवाय कच्ची पेस्ट कडवट होते, तो कडवटपणा परतूनही पुरता जात नाही.

सी-201 (सचिव): बरं, फोडणीचा दीड किलो तर कच्चाच चिरावा लागणार.

ए-102 काकू: हो, 15 कांदे. दोघांनी करायचे. शेंडा कापा, बूड ठेवा. बुडासकट उभे दोन भाग, मग साल काढा. कापलेली बाजू लगेच पाटावर पालथी, उघडी ठेवली की वायू सुटत राहतो. बुडाच्या दिशेने उभ्या चिरा, अंतर 3-4 मिलिमीटर, बुडाजवळ बोटभर जागा सोडून. एक आडवी चीर, मग शेंड्याकडून बारीक कापत या. बुडामुळे पाकळ्या सुटत नाहीत. बूड शेवटी, आणि ते लगेच झाकणाच्या डब्यात. साली-बुडं उघडी साठली की झोंबत राहतात.

बी-204 दादा: आणि सुरी. बोथट पात्याखाली कांद्याचा पापुद्रा आधी वाकतो, आत दाब साठतो आणि मग रस फवाऱ्यासारखा उडतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने 2025 मध्ये हे वेगवान कॅमेऱ्याने टिपलं: धारदार पात्याने आणि सावकाश कापलं तर थेंब कमी उडतात, हळू उडतात. त्यांच्या प्रयोगात गार कांद्याचे थेंब कमी झाले नाहीत, उलट वाढले.

डी-304 वहिनी: मग फ्रीज चुकीचा?

बी-204 दादा: पुरता चुकीचा नाही वहिनी. गारव्याने एन्झाइमचं काम मंदावतं आणि वायूही कमी उडतो. पण बोथट सुरीची भरपाई फ्रीज करत नाही. अर्धा तास ठेवायचा तर ठेवा, आधी धार लावा. फ्रीझरमध्ये मात्र नको, कांदा गोठून मऊ पडतो आणि फोडणीत पाणी सोडतो.

सी-105 काका: विळी कोणी आणणार असेल तर एक लक्षात ठेवा. लोखंडी पातं खाऱ्या हवेत एका रात्रीत तांबूस होतं, त्या गंजाने धार जाते आणि कांदाही काळा पडतो. कानशीने एकाच दिशेने, बुंध्यापासून टोकाकडे, आठ-दहा हात मारा. मग कोरडं पुसून खोबरेल तेलाचा हात. विळीवर बसलं की तोंड नेमकं कांद्यावर येतं, म्हणून पाठ ताठ ठेवून हात पुढे.

डी-304 वहिनी: पंखा लावायचा का?

बी-204 दादा: छताचा बंद. तो वायू खोलीभर फिरवतो. टेबलफॅन बाजूला ठेवा, म्हणजे वारा पाटावरून आडवा खिडकीकडे जाईल. समोरून लावला तर सगळं तोंडावर.

ए-102 काकू: मुलं मदतीला आली तर पोहण्याचे चष्मे लावा, ते डोळ्याला घट्ट बसतात. साधा चष्मा बाजूने उघडा. झोंबलं तर हात डोळ्याला नको, बोटांवर रस असतो. गार पाण्याचे हबके मारा आणि दोन मिनिटं बाहेर उभं राहा. लेन्स लावणाऱ्यांना कमी झोंबतं, पण त्याच हाताने लेन्स काढू नये.

डी-201 मावशी: आता ताटातल्या चकत्या. त्याला अलिबागचा पांढरा घ्या. मे महिना आहे, माळा मिळतील.

सी-105 काका: 2021 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर घेतात. तिखटपणा कमी, गोडी जास्त, चिरताना डोळ्यांना जवळजवळ काही होत नाही. मात्र पांढरा दिसला म्हणजे अलिबागचा असं नाही. पावडर करायला पिकवतात तो पांढरा कांदाही चांगला झणझणीत असतो. वेणी घातलेली माळ घ्या. एक कांदा नखाने खरवडून वास घ्या, लगेच नाकात चढला तर तो नव्हे.

ए-102 काकू: मिळाला नाही तर लाल कांद्याच्या चकत्या गार पाण्यात 10 मिनिटं, मग निथळून मीठ-लिंबू. जास्त वेळ नको, चव पाण्यात जाते. आणि पान वाढायच्या फक्त अर्धा तास आधी कापा, त्याहून आधी कापून ठेवला की उग्र वास येतो.

सी-201 (सचिव): मग ठरलं. कांदा आणायचा कधी?

सी-105 काका: शनिवारी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. या दमट हवेत रात्रीत घाम सुटतो आणि सालीखाली काळी पूड धरते. टोपलीत, वाऱ्यावर, बटाट्यापासून लांब.

डी-304 वहिनी: सुऱ्या किती लागतील?

ए-102 काकू: चार. शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे द्या, सगळ्यांना धार लावून ठेवते. मुठीवर फ्लॅट नंबराची चिकटपट्टी लावा.