जनरेटर रूममागचे पट्टेवाले भुंगे

सेक्रेटरी: जनरेटर रूममागच्या गाजरगवतावर पांढरट भुंगे झालेत, पाठीवर गडद रेघा. फोटो वर टाकलाय. उद्या पेस्ट कंट्रोलवाला येतोच आहे, तिथेही मारून घेऊ का?

नीलाताई, ए-४०२: नको नको! हा मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा बायकलराटा. १९८३ साली मेक्सिकोतून बंगळुरूला मुद्दाम आणला, चाचण्या घेऊन १९८४ मध्ये सोडला, तो गाजरगवत खावं म्हणूनच. औषध मारलंत तर फुकटचे माळी मरतील आणि गवत तसंच राहील.

किरण, बी-१०३: मुलं तिथे बॉल आणायला जातात. चावतो का?

नीलाताई, ए-४०२: चावत नाही. जेमतेम ६ मिमीचा असतो. त्रास गवताचा आहे. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या विषारी द्रव्याने अंगाला खाज सुटते, परागाने दम्यावाल्यांचे हाल होतात.

प्रशांत, सी-२०१: उद्या सकाळी पानं उलटी करून बघा. मादी पानाच्या खालच्या बाजूला पिवळट अंडी घालते, सुटी किंवा लहान पुंजक्यात. ४-५ दिवसांत अळी बाहेर येते. लहान अळ्या आधी शेंडा आणि पानांच्या बेचक्यातले कोंब खातात, मग मोठ्या होऊन पानांवर येतात. खरा फायदा त्या पहिल्या खाण्याचा, कारण कोंबच गेला की फूल येत नाही. १०-१५ दिवसांनी अळी मातीत उतरून कोष करते. अंड्यापासून भुंग्यापर्यंत साधारण महिना.

सुषमा काकू, ए-७०४: माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांत सूर्यफुलं आहेत. तिकडे नाही ना येणार?

प्रशांत, सी-२०१: काकू, हा वाद १९९०च्या सुमारास कर्नाटकात चांगलाच पेटला होता. भुंगे सूर्यफुलाची पानं कुरतडताना दिसले, चौकशी समितीही बसली. गाजरगवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते, त्यांच्या ओढीने ते तिकडे वळत होते. शेजारी गाजरगवत नसेल तर काळजी नको. चुकून एखादा दिसलाच तर हाताने उचलून खाली सोडा.

सेक्रेटरी: मग आपण काहीच करायचं नाही? भुंगे खातील आणि आपण बघत बसू?

नीलाताई, ए-४०२: तसंही नाही. भुंग्याचं वेळापत्रक गवताच्या मागे पडतं. पहिल्या पावसाबरोबर तो मातीतून वर येतो, पण तेव्हा संख्या थोडी. पिढी वाढेपर्यंत गवत महिना-दीड महिन्यात फुलावर येतं, आणि एका झाडाला १५,०००च्या वर बिया. पाऊस ओसरला की भुंगा पुन्हा मातीत जाऊन झोपतो, थेट पुढच्या जूनपर्यंत. टाकीच्या ओव्हरफ्लोवर हिवाळ्यात उगवणारं गवत मग खायला कोणी नाही. ते आपणच उपटायचं.

किरण, बी-१०३: मिठाचं पाणी मारतात ना? लिटरला २०० ग्रॅम.

प्रशांत, सी-२०१: मारतात, गवत करपतंही. पण माती खारावते. पलीकडे कढीपत्ता आणि तगर आहे, त्यांचं काय? शिवाय भुंग्यांचं खाणंच संपतं.
रविवारी असं करू. जिथे अळ्या दिसतील तो पट्टा सोडायचा. बाकीचं फुलायच्या आधीचं गवत मुळासकट उपटायचं, माती ओली असतानाच, सुकली की वरून तुटतं आणि खालून पुन्हा फुटतं. रबरी ग्लोव्हज, पूर्ण बाह्या, मास्क. फुलं आलेलं गवत वेगळ्या पोत्यात, कंपोस्टच्या पिटात अजिबात नको. उपटलेल्या झाडांवरचे भुंगे भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत घ्या, सोबत पाला टाका आणि कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या गवतावर सोडा. पाऊस कोसळत असताना नको.

सुषमा काकू, ए-७०४: आणि टाकळा उपटू नका हं. तो दाट वाढला की गाजरगवताला जागाच देत नाही. कोवळा असेपर्यंत भाजीही होते.

नीलाताई, ए-४०२: फॉगिंगवाल्यालाही त्या कोपऱ्यात धूर नको म्हणून सांगा. डास मारायच्या औषधाने हेही मरतात.

सेक्रेटरी: सांगतो. पण जानेवारीत तिथे पेव्हर ब्लॉक टाकायचं ठरलंय, कोटेशनही आलंय.

प्रशांत, सी-२०१: जानेवारीत सगळे भुंगे त्याच मातीत झोपलेले असतील. गाजरगवत मात्र पेव्हरच्या फटीतूनही उगवतं.

सेक्रेटरी: मग हा विषय मीटिंगला घेऊ. रविवारी ७:३०, ग्लोव्हज सोसायटीकडून. कोण कोण येतंय?