मदत हवी आहे: पॉवर बटण दाबलं तरी नवीन पीसी चालूच होत नाही

शिरपूरचा_बंटी
नवीन पीसी जोडतोय. सगळं झालं, कॅबिनेटच्या समोरच्या बारीक वायरी तेवढ्या उरल्या होत्या, त्याही व्हिडिओ बघून लावल्या. बटण दाबलं तर पंखासुद्धा हलत नाही. दुकानदार फोन उचलत नाहीये. रात्री पोरं गेम खेळायला येणार आहेत, जरा लवकर सांगा.

तापीकाठ
मदरबोर्ड कोणता? कुठली वायर कुठे लावली? 'लावल्या' म्हणजे आम्ही काय समजायचं?

धुळेकर
एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, तो गेलाय, लिहून घे. आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज असं नाचतं की विचारू नका. आधी चांगला स्टॅबिलायझर घे, मग पीसीचं बघ.

शिरपूरचा_बंटी
काका, एसएमपीएस आजच डब्यातून काढलाय. बोर्ड एमएसआयचा आहे. सगळ्या वायरी लावल्यात, सांगितलं ना.

अमळनेरी
एमएसआयचे काय कमी बोर्ड आहेत का? पूरं नाव सांगशी का नही भाऊ?

शिरपूरचा_बंटी
प्रो एच६१०एम-ई.

तापीकाठ
हां, आता बोललास. बोर्डाच्या कडेला 'जेएफपी१' लिहिलेलं शोध, समोरच्या बारीक वायरी तिथेच लागतात. दोन ओळींत मिळून नऊ पिना दिसतील, दहावीची जागा रिकामी. ती रिकामी जागाच खूण. तिच्याच ओळीत तिला लागून ज्या दोन पिना आहेत, ८ आणि ६, त्या पॉवर बटणाच्या. त्यापुढच्या ४ आणि २ पॉवर लाइटच्या, त्यात २ म्हणजे प्लस. समोरच्या ओळीतली ९ नंबर मोकळी सोडायची, मग ७ आणि ५ रीसेटच्या, म्हणजे चालू पीसी परत सुरू करायच्या बटणाच्या, मग ३ आणि १ हार्डडिस्कची लाइट, तिथे १ प्लस. पॉवर आणि रीसेटची अदलाबदल झाली असेल तर बटण दाबून काही होणार नाही, बंद पीसीला रीसेट काय करणार?

धुळेकर
आणि प्लस-मायनस उलटं लागलं तर बोर्ड जळतो, तेही सांगा पोराला.

जुना_असेंबलर
कशाला घाबरवताय? बटणाला प्लस-मायनस नसतंच. दाबलं की दोन पिना क्षणभर जुळतात, संपला विषय. लाइटीला असतं, पण ती उलटी लागली तर पेटत नाही, काढून फिरवून लावायची. बोर्ड जळतो तो यूएसबीची वायर भलत्या पिनांवर दाबून बसवली तर, कारण तिच्यात ५ व्होल्ट असतात.

धुळेकर
मी डोळ्यांनी जळालेला बोर्ड बघितलाय.

जुना_असेंबलर
बघितला असेल. पॉवर बटणामुळे नाही जळाला.

रावेरची_ताई
दादा, माझं ऐकशील तर हे सगळं परत कर आणि लॅपटॉप घे. आमच्या यांनी असाच पीसी जोडायला घेतला होता, पुढे त्या कॅबिनेटमध्ये बी-बियाण्याच्या पावत्या ठेवायला लागले.

अमळनेरी
ताई 😂

शिरपूरचा_बंटी
लॅपटॉप नकोय. वायरी तापीकाठ म्हणतात तशाच आहेत, परत काढून बघितल्या. तरी बटण मेलेलंच.

जुना_असेंबलर
मागचा एसएमपीएसचा खटका चालू आहे ना? प्रोसेसरजवळची ८ पिनची वायर लावलीस? ती विसरतात बरेच जण. दोन्ही ठीक असेल तर पॉवर बटणाची वायर काढ आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक ६ आणि ८ ला एकदम टेकव. एक सेकंद, जास्त नाही. ९ ला लागू देऊ नको.

रावेरची_ताई
अहो शॉक बसेल त्याला!

तापीकाठ
नाही बसत ताई. बटणही आतून हेच करतं.

शिरपूरचा_बंटी
चालू झाला!!! पंखे फिरले, स्क्रीन आली. म्हणजे आता रोज स्क्रूड्रायव्हरने चालू करायचा?

जुना_असेंबलर
नाही रे बाबा. बोर्ड चांगला आहे, कॅबिनेटचं बटण नाहीतर त्याची वायर खराब आहे. पीसी बंद करून 'रीसेट एसडब्ल्यू' (रीसेट स्विच) लिहिलेला कनेक्टर ६-८ वर लाव. आजपासून रीसेटचं बटण हेच पॉवरचं बटण. स्वस्त कॅबिनेटमध्ये बटणामागचा टाका सुटलेला असतो, समोरची जाळी काढलीस तर दिसेल. डाग देणारा ओळखीचा असेल तर पाच मिनिटांचं काम.

धुळेकर
म्हणजे वायरिंगच खराब निघालं. मी आधीच म्हटलं होतं.

तापीकाठ
तुम्ही एसएमपीएस म्हटलं होतं.

अमळनेरी
बंटी, कॅबिनेट कितीचं? आणि त्याच्यात काच आहे का? मलेबी घेणं शे.

शिरपूरचा_बंटी
रीसेटने चालू होतंय, झकास. पण पॉवरची लाइट लागत नाही. तिचा कनेक्टर तीन पिनांएवढा रुंद आहे, मधली जागा रिकामी. मी तसाच ४ नंबरपासून दाबलाय. आणि समोर हेडफोन लावला तर आवाज नाही.

तापीकाठ
हे आधी सांगायचं. तो कनेक्टर २-४ वर बसत नाही. प्लस आणि मायनस सुट्या असलेली वायर घे, पन्नासेक रुपयांची असेल, जळगावला गोलाणी मार्केटमध्ये विचार. लाइटीवाचून काही अडत नाही. हेडफोनसाठी 'एचडी ऑडिओ' लिहिलेली वायर बोर्डावरच्या जेएयूडी१ या आवाजाच्या पिनांवर आहे का बघ, त्याच्यात ८ नंबरची पिन नसते. तिथेच असेल तर विंडोजमध्ये आवाज मॉनिटरवर जातोय का ते तपास.

शिरपूरचा_बंटी
विंडोज अजून टाकलंच नाहीये.

जुना_असेंबलर
मग आवाज कुठून येईल?

रावेरची_ताई
पोरं येणार आहेत ना रात्री? भरीत-पुरीचा बेत असेल तर सांग, वांगी आमच्याकडची घेऊन जा.