खोबरेल राहू द्या, आधी कॉर्टिसॉल बघा
ताई, तुमच्या कुत्र्याच्या कुशिंगमुळे (अंगात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढण्याचा आजार) टक्कल पडलेल्या पोटावर रोज खोबरेल चोळताय असं तुम्ही लिहिलंत. तेलाने केस येणार नाहीत, मूळ दुखणं वाढलेल्या कॉर्टिसॉलचं आहे. ट्रायलोस्टेनचा (कॉर्टिसॉल कमी करणारं औषध) डोस नीट बसला की तहान-भूक काही आठवड्यांत ताळ्यावर येते, केसांना मात्र 3 ते 6 महिने लागतात. (आमच्या पंचवटीतल्या म्हाताऱ्या पामेरियनला आधी भलत्याच रंगाचे आले!) कातडी पातळ झालेली असते, म्हणून घासू नका. पुरळ असेल तर डॉक्टरांना विचारून क्लोरहेक्सिडिनचा (जंतुनाशक) शाम्पू 10 मिनिटं ठेवून धुवा. आपल्या नाशिकच्या पावसाळ्यात बोटांच्या बेचक्याही कोरड्या करा. हाताला खडूसारखे कडक खडे लागले तर फोडू नका, ते कॅल्शियमचे थर असू शकतात. लगेच दाखवा.